सोळाव्या होलवरचा खड्डा

चारुदत्तने खड्ड्यातली शिडी वर ओढून घेतली, आडवी केली आणि उंच गवतात अशी सरकवली की कुठल्याच बाजूने दिसू नये. मग तो पोकलेनमध्ये चढला. ते पिवळं धूड ऐंशी-नव्वद मीटर मागे, निलगिरीच्या रांगेआड नेऊन उभं केलं, खाली उतरला आणि परत येताना वाटेतली पाण्याची बादली, फावडं, नारिंगी कोन, एकेक उचलत आला.

साइटवरची त्याची सहकारी मयूरा कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती.

"दादा, तू नक्की काय करतोयस?"

"साफसफाई."

"बादलीने काय घाण केली होती?"

बादली केवढी असते हे साऱ्या जगाला माहीत असतं. तिच्या शेजारी खड्डा दिसला की खड्डा केवढा तेही लगेच कळतं. म्हणून बादली नको, शिडी नको, मशीन तर नकोच. दोन वाजता क्लबच्या समितीचे चौघे झूमवर येणार होते आणि त्या वेळी या खड्ड्याच्या आसपास अंदाज देणारी एकही वस्तू असता कामा नये, हे त्याने कालच ठरवून टाकलं होतं. आता दीड वाजला होता.

खड्डा म्हणजे बंकर. गोल्फवाल्यांची ही एक गंमतच आहे. चांगल्या हिरव्यागार मैदानात स्वतःच खड्डे खणून घ्यायचे, त्यात वाळू भरायची आणि चेंडू त्यात पडला की खणणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या पलीकडचा हा क्लब तर अगदी सपाट माळावर होता. ना टेकडी, ना ओढा. अशा जागी डोळे मिटून चेंडू मारला तरी चालतो, खेळणाऱ्याला डोकं वापरावंच लागत नाही. म्हणून ग्रॅहमने, म्हणजे मैदानाची आखणी करणाऱ्या म्हाताऱ्याने, सोळाव्या होलवर फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या हिरव्या पट्ट्याच्या, बरोब्बर मधोमध, जिथे चांगल्या खेळाडूचा चेंडू जाऊन पडतो नेमका तिथेच, एक मोठा बंकर काढला होता. आता येणाऱ्याला ठरवावं लागणार होतं. डावीकडून कुंपणाला खेटून जायचं, की उजवीकडून लांबचा वळसा घ्यायचा, की छाती पुढे काढून वरूनच न्यायचा. "ज्याची भीती वाटत नाही तो बंकर नव्हे, मांजरांची सोय," असं ग्रॅहम म्हणायचा.

समितीने हा बंकर नाइलाजाने मान्य केला, तोही एका अटीवर. खोली दीड मीटर, त्याहून एक इंच जास्त नाही. वयस्कर सभासदांना आपली बॅग घेऊन त्यातून चालत बाहेर येता आलं पाहिजे.

आत्ता त्या बंकरची खोली तीन मीटर वीस होती.

हे झालं कसं, तर व्हिडिओ कॉलने. दोन हजार वीसचा ऑगस्ट. मेलबर्न दुसऱ्यांदा बंद झालेलं, गोल्फ खेळायला बंदी, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी. मैदान तसंही ओस पडलंय तर शेवटचे तीन होल नव्याने बांधून घेऊ, असं क्लबने ठरवलं होतं आणि मोजक्या माणसांचा परवाना काढून काम चालू ठेवलं होतं. ग्रॅहम मात्र ॲडलेडला स्वतःच्या घरात अडकला. राज्याची सीमाच बंद. मग रोज चार वाजता चारुदत्त फोन घेऊन खड्ड्याभोवती फिरायचा आणि शहात्तर वर्षांचा ग्रॅहम तिकडे स्वयंपाकघरात बसून बघायचा.

"दिसत नाहीये, मेट," तो म्हणायचा. "सपाट वाटतंय. अजून थोडं."

फोनच्या कॅमेऱ्यात चढउतार बसतात, म्हणजे बसून जातात, सपाट होतात. घाटातल्या खोल दरीचा फोटो काढून घरी दाखवला की घरचे म्हणतात, एवढं काय त्यात, तसंच हे. पण ग्रॅहमने उभं आयुष्य जमीन पायांखाली तुडवून काम केलेलं, फोनवरून बंकर खणायची त्याची ही पहिलीच वेळ. तो म्हणायचा अजून थोडं, आणि चारुदत्त अजून थोडं खणायचा. चौथ्या आठवड्यात काळा दगड लागला, अगदी गावाकडे सासवडच्या विहिरींत लागतो तसाच. तेव्हाही तो थांबला नाही. ब्रेकर मागवला आणि दगड फोडला.

आणि इथेच खरी गोम होती. चारुदत्तच्या हे सगळं तिसऱ्या आठवड्यातच लक्षात आलं होतं. ग्रॅहमला फसवतोय तो कॅमेरा, हे त्याला स्वच्छ कळलं होतं. एका वाक्याचा प्रश्न होता. ते वाक्य तो बोलला नाही.

का बोलला नाही, हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. युनीत मास्टर्स करायला म्हणून आलेला माणूस, शनिवार-रविवार मशीन चालवता चालवता मशीनवरच राहिला. कायम राहायचा परवाना, पीआर, मिळाला, घर झालं, मुलगी शाळेत जाऊ लागली. चौदा वर्षं तो दुसऱ्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे माती सरकवत होता. जमिनीला आकार देणारा म्हणून त्याला शेपर म्हणायचे, पण आकार कायम दुसऱ्याचा. आणि या खड्ड्यात एका सकाळी, दोन मीटरच्या खाली गेल्यावर, त्याच्या हाताला काहीतरी गवसलं. ग्रीनच्या, म्हणजे झेंडा असतो त्या बाजूची भिंत जवळजवळ उभी, डाव्या अंगाला जरा आत वळलेली, वरची कड पुढे झुकलेली. खाली उभं राहिलं की ती अंगावर येतेय असं वाटायचं. स्वतःच केलेल्या गोष्टीची अशी भीती त्याला याआधी कधी वाटली नव्हती, आणि ती त्याला मोडवेना.

"आजचा दिवस फक्त," तो मयूराला म्हणाला. "आज त्यांनी हो म्हटलं की गुरुवारी टर्फ येतं. एकदा कडांवर हिरवळ बसली की कोण उखडतंय? ऑक्टोबरात येऊन बघतील, दोन दिवस ओरडतील, मग सवय होईल."

"आणि नाही म्हटलं तर?"

चारुदत्तने मान वळवून शेजारच्या मातीच्या ढिगाकडे बघितलं. खड्ड्यातून निघालेला काळा ढीग अजून तिथेच होता, फक्त फोनच्या चौकटीत येणार नाही इतका बाजूला. पोकलेन शुक्रवारपर्यंत त्यांच्याकडे होतं. बुजवायला अर्धा दिवस पुरे.

"लेव्हलच्या, खोली मोजल्याच्या शीटवर माझं नाव आहे," मयूरा म्हणाली. ती पुण्याची, वय एकोणतीस, पाण्याच्या निचऱ्याचं काम तिचं. येऊन दोनच वर्षं झालेली, स्किल्ड व्हिसावर. "खालचा पाइप मी टाकलाय. उद्या मला विचारतील, तुला दिसत नव्हतं का?"

"मी तुला खोटं बोलायला सांगतच नाहीये."

"मग काय सांगतोयस?"

"गप्प राहायला."

"वा! दादा, आकडा विचारला ना कुणी, तर मी खरा सांगणार. आत्ताच सांगून ठेवते."

"विचारला तर सांग," चारुदत्त म्हणाला. "नाही विचारणार."

त्याने तिला ग्रीनच्या बाजूला, कडेपासून चाळीस पावलांवर नेऊन उभं केलं. गवतावर त्याने पांढऱ्या स्प्रेने एक छोटी फुली मारून ठेवली होती. काल संध्याकाळी त्याने पंचवीस-तीस ठिकाणांहून फोन धरून बघितला होता, त्यातून ही जागा काढली होती. इथून बंकरची अलीकडची कड दिसायची, पलीकडची उतरती बाजू थोडीशी दिसायची, आणि मधलं सगळं लपायचं. पाहणाऱ्याला वाटावं, जमीन जरा दबली आहे इतकंच.

"फोन छातीच्या उंचीवर. वर उचलू नकोस," तो म्हणाला. त्याने मास्क नाकावर सारखा केला. मयूराने एकदा त्याच्याकडे रोखून बघितलं आणि फोन छातीशी धरला.

दोनला पाच मिनिटं असताना चौकोन उघडायला लागले. चेअरमन रॉस, निवृत्त दाताचा डॉक्टर, मागे पुस्तकांचं कपाट. मिसेस हीली, वय ब्याऐंशी, पन्नास वर्षांची सभासद, कपाळच तेवढं दिसत होतं. आणखी दोघे, ज्यांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. आणि ग्रॅहम. दाढी वाढलेली, अंगात जुनं स्वेटर. गेल्या सहा आठवड्यांत हा माणूस बराच थकलाय, हे चारुदत्तला आज एकदम जाणवलं.

रॉसने आधी सगळ्यांची तब्येत विचारली. मग हवेची. मग मिसेस हीलींना आवाज चालू करायला कुणीतरी चार वेळा सांगितलं. चारुदत्त मयूराच्या शेजारी, चौकटीच्या बाहेर उभा होता, बुटाच्या टोकाने गवत खरवडत.

"तर हा सोळावा," रॉस म्हणाला. "दाखवा बघू."

मयूराने कॅमेरा फिरवला. वाऱ्याने तिचा हात किंचित हलला, तशी चारुदत्तने दात आवळले.

"अरे! हे तर छानच आहे," रॉस म्हणाला. "मी उगाच धास्ती घेतली होती. मधोमध बंकर म्हटल्यावर मला वाटलं, काय राक्षस असेल कोण जाणे. हे तर अगदी सौम्य आहे."

"गोड आहे," मिसेस हीली म्हणाल्या. "माझ्या पणतवंडांना खेळायला होईल."

कुणीतरी हसलं.

"ग्रॅहम, तुझ्या ड्रॉइंगप्रमाणेच आहे ना?" रॉसने विचारलं.

आत्ता ग्रॅहमने म्हटलं असतं, मयूरा, आकडा सांग, की खेळ खलास.

पण ग्रॅहमने चष्मा वर सरकवून डोळे चोळले.

"हो. बहुतेक," तो म्हणाला. "खरं सांगू का, मला याहून जास्त काहीतरी हवं होतं. रोज बघतोय, रोज सांगतोय. होत नाहीये. इथून नाही जमत मला. बशी झाली आहे त्याची. असो. तुम्हाला हवं होतं तसं झालंय."

"सगळ्यांना चालेल असं झालंय," रॉस समजुतीने म्हणाला. "त्यात वाईट काय? मग घेऊ या का मत? मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

चारही चौकोनांत हात वर झाले. मिसेस हीलींचा तर फक्त हातच दिसत होता.

जिंकला होता चारुदत्त. जे जे मनात धरलं होतं ते सगळं जमून आलं होतं. मयूराने मास्कच्या वरून भुवया उंचावून त्याच्याकडे बघितलं आणि मोकळ्या हाताचा अंगठा दाखवला. तिचीही सुटका झाली होती, कुणी काही विचारलंच नव्हतं.

चारुदत्तला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. कानशिलं तापली. सौम्य म्हणे! गोड म्हणे! पणतवंडांना खेळायला! सहा आठवडे त्याने त्या भिंतीवर जीव ओतला होता, दगड फोडून कड वळवली होती, आणि ही माणसं त्यावर खूश होती ते त्यात काही नाही म्हणून. आणि तिकडे तो म्हातारा, आपल्याला आता जमत नाही असं समजून डोळे चोळत बसला होता. आजवर केलेल्या कामांत हे एकच काम भिण्याजोगं झालं होतं आणि त्याने स्वतःच, बादल्या उचलून उचलून, त्याची बशी करून दाखवली होती.

रॉस टर्फच्या गाडीची वेळ वाचून दाखवत होता. चारुदत्त चालायला लागला.

मयूराला वाटलं, मशीन आणायला निघाला. पण तो झाडांकडे वळला नाही. कडेकडेने मोठा वळसा घालून तो पलीकडच्या बाजूला गेला, जिथून बंकरमध्ये चालत उतरता यायचं. तिथे तो क्षणभर थांबला. फोनच्या पडद्यावर, चौकटीच्या अगदी मध्यभागी, पिवळ्या जॅकेटमधला एक उभा माणूस दिसायला लागला.

"दादा," मयूरा दबक्या आवाजात म्हणाली. त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

चारुदत्त उतरायला लागला. सावकाश, एकेक पाऊल टाकत. पडद्यावर आधी त्याचे बूट गेले. मग गुडघे. मग कंबर. पिवळं जॅकेट खांद्यांपर्यंत बुडालं, मग मास्क, मग टोपी. आणि मग तिथे कुणीच नव्हतं. हिरव्या गवतात जरा दबलेली जमीन, एवढंच.

"गुरुवारी सकाळी साडेसातला गाडी..." रॉस बोलता बोलता थांबला. "तो माणूस कुठे गेला?"

"पडला की काय?" मिसेस हीलींनी घाबरून विचारलं.

"नाही, पडला नाही," मयूरा म्हणाली. "उभा आहे."

"कुठे उभा आहे?" रॉसचा आवाज बदलला. "मयूरा, त्या बंकरची खोली किती आहे?"

आला प्रश्न. समोर खड्डा तसाच गप्प, त्यातून कुणी बाहेर डोकावत नव्हतं. भला माणूस आपण खाली जाऊन बसला आणि मयूराला वर ठेवलं तोंड द्यायला. तिला त्याचा रागही आला आणि का कोण जाणे, हसूही.

"तीन मीटर वीस," ती म्हणाली.

त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात सगळे एकदम बोलत होते. मत रद्द. हे मान्य नाही. फसवणूक आहे ही. कुणी पाय मोडून घेतला तर? शुक्रवारच्या आत बुजवा, तिथेच माती आहे ना, दीड मीटरवर आणा, आणि पुन्हा दाखवा. रॉसने हे दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मयूराने हो म्हटलं. ग्रॅहमचा आवाज त्यात कुठेच नव्हता. समितीचा एकेक चौकोन बंद होत गेला. त्यांच्यातल्या सगळ्यात शेवटी मिसेस हीली राहिल्या, कारण त्यांना बंद करायचं बटण सापडत नव्हतं.

"बाई, माझा चेंडू त्यात पडला असता तर मी काय केलं असतं?" त्यांनी विचारलं.

"मागे मारायचा, ज्या बाजूने आला तिकडे," मयूरा म्हणाली. "पुढे नाही मारता येणार."

"पन्नास वर्षांत या क्लबवर मला मागे मारायची वेळ आली नाही," मिसेस हीली म्हणाल्या. त्या तक्रार करत होत्या की आणखी काही, ते मयूराला कळलं नाही. मग त्याही गेल्या, आणि ग्रॅहमचा एकच चौकोन उरला.

खाली चारुदत्तला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तळाशी वारा नव्हता. वर आभाळाचा एक तुकडा आणि समोर ती भिंत. तो तिला पाठ टेकून उभा होता, गार लागत होती. काय होणार हे त्याला ठाऊक होतं. नोकरी जाईल, निदान या साइटवरून तरी काढतील. घरी काय सांगायचं याचा विचार करायला हवा होता, पण त्याला नुसतं हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटत होती.

कडेवर मयूराचं डोकं दिसलं.

"शुक्रवारच्या आत बुजवा म्हणालेत," ती वरून म्हणाली.

"हं."

"आणि मला वर खिंड लढवायला ठेवून तू इथे येऊन उभा राहिलास, हे मी विसरणार नाहीये."

"नको विसरूस. तू बरोबर होतीस."

"ग्रॅहम अजून आहे फोनवर. जवळ घेऊन जा म्हणाला." तिने गुडघे टेकले आणि फोन कडेच्या बाहेर धरला, खाली तोंड करून.

पडद्यावर भिंत होती, तिची आत वळलेली बाजू होती, आणि पार तळाशी टोपी घातलेला इवलासा चारुदत्त. तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ग्रॅहम उठून पडद्याजवळ आला असावा.

"हे मी सांगितलं होतं?" त्याने विचारलं.

मयूराने चारुदत्तकडे बघितलं. एक 'हो' म्हटलं की झालं. रोजचे कॉल होते, 'अजून थोडं' म्हणणारा तूच होतास, मी फक्त मशीन चालवलं. सगळं ग्रॅहमच्या गळ्यात गेलं असतं आणि त्याला कुणी दोषही दिला नसता. शहात्तर वर्षांचा माणूस, घरात कोंडलेला, फोनवरून अंदाज चुकला.

चारुदत्तने मास्क हनुवटीखाली ओढला.

"दीड मीटरपर्यंत तू सांगितलंस," तो वर बघून म्हणाला. "पुढे तुला कॅमेरा फसवत होता. मला कळलं होतं. मी बोललो नाही."

"कधीपासून?"

"तिसऱ्या आठवड्यापासून."

ॲडलेडच्या त्या स्वयंपाकघरात कुठेतरी फ्रिजची घरघर चालू होती, ती इथवर ऐकू येत होती. मयूराचा हात भरून आला होता, पण तिने फोन हलू दिला नाही.

"डाव्या बाजूची भिंत," अखेर ग्रॅहम म्हणाला. "ती आत वळवलीस. का?"

चारुदत्तला आधी वाटलं, हा जाब आहे. किती खणलंस, कधी संपेल, कुणी सांगितलं, हे सगळं त्याला चौदा वर्षं विचारत आले होते. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि वरून मयूरा बघत होती, म्हणून त्याने टोपी खाली ओढली.

"वेळ आहे का तुला?" त्याने विचारलं.

"मेट, मी कुठे जाणार आहे?"

चारुदत्त भिंतीपासून दोन पावलं मागे सरला, हात वर करून त्या वळणाची सुरुवात दाखवली आणि सांगायला लागला.